खाणीतली मुलं आणि पाताळातला राक्षस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बालसाहित्यावर जी चर्चा चालू आहे, तिच्यात खाणीत राबणाऱ्या मुलांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विषय निघाला. अशा कादंबऱ्यांत पुराणकथा मिसळल्या की इतिहास बिघडतो आणि मुलंही बिचकतात, असा एका पत्रलेखकांचा सूर होता. मी सहकारनगरात मुलांचं छोटं वाचनालय चालवते. त्यांची पहिली हरकत मला अर्धीमुर्धी पटते, दुसरी मुळीच नाही.

बिचकण्याचंच आधी बघू. कंसाने देवकीची तान्ही शिळेवर आपटली, हे गोकुळाष्टमीला आपण चार वर्षांच्या पोराला सांगतो. नचिकेत म्हणजे बापाने रागाच्या भरात यमाला देऊन टाकलेला मुलगा. तीन रात्री उपाशीपोटी यमाच्या दारात बसून राहिला. हे सगळं मुलांच्या पचनी पडतं. अडचण होते ती मोठ्यांची, कारण मागून ‘पण बाबांनी असं का केलं?’ हा प्रश्न येतो.

सुट्टीत मी पाचवी-सहावीच्या मुलांना सारा गुडर या आठ वर्षांच्या मुलीची साक्ष मराठीत करून वाचून दाखवली. इंग्लंडमध्ये १८४० साली बालमजुरीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. १८४२ मध्ये त्याचा खाणींवरचा अहवाल आला, त्यात ही साक्ष आहे. यॉर्कशरमधल्या गॉबर खाणीत ही मुलगी दार उघडायला बसायची. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच खाली जायची, ती संध्याकाळी पाच-साडेपाचला वर यायची. ती म्हणते, उजेड असला तर मी कधी कधी गाते, पण अंधारात नाही. तेव्हा गायची हिंमत होत नाही. खाणीपेक्षा शाळेत जायला आवडेल, असंही तिने सांगितलं आहे.

एका मुलाने विचारलं, ‘दार उघडंच ठेवलं तर काय बिघडलं?’ खाणीत हवा खेळती राहावी म्हणून ठरावीक दारं बंद ठेवावी लागत, कोळशाची गाडी आली की दोरी ओढून उघडायची आणि लगेच लावायची. दार उघडं राहिलं तर हवेची वाट बदलते, ज्वालाग्राही वायू साचतो आणि एका दिव्याने भडका उडू शकतो, हे मी सांगितलं. मुलं क्षणभर गप्प झाली. मग पाठीमागून एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे सगळी मोठी माणसं तिच्या भरवशावर होती?’ एवढं सगळं एका दारातून मुलांपर्यंत पोचत असेल, तर त्यांना हे झेपेल का, याची काळजी आपण करू नये.

आता पुराणाचं. जमिनीखाली काम करणाऱ्यांची स्वतःची दैवतं आणि भुतं असतातच. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांना भिंतीत ठोकणारे बुटके ऐकू यायचे, बोलिव्हियात पोतोसीच्या खाणीत ‘एल तिओ’ नावाच्या शिंगवाल्या मूर्तीला आजही कोकाची पानं आणि सिगारेट वाहतात, आपल्या कोळसापट्ट्यात कालीमाईची पूजा होते. अंधारात बसलेल्या पोराच्या डोक्यात हे येणारच. त्या पोराच्या तोंडी पुराण आलं, तर इतिहास बिघडत नाही, उलट भरतो. बिघडतो तो लेखकच अपघाताचं खापर राक्षसावर फोडतो तेव्हा.

याचा नमुना दगडात कोरलेला आहे. ४ जुलै १८३८ रोजी यॉर्कशरमध्येच सिल्कस्टोनजवळ हस्कर खाणीत २६ मुलं बुडाली, वयं ७ ते १७. वादळी पावसात वर ओढणारं यंत्र बंद पडलं. काही मुलं उताराच्या वाटेने बाहेर पडायला निघाली. ओढा फुगून त्याच वाटेत घुसला आणि पाण्याच्या लोंढ्याने ती हवेच्या दाराशी दाबली गेली. गावातल्या स्मारकावर काय लिहिलंय? हा परमेश्वराचा भयंकर कोप. त्याने गडगडाट, विजा, गारा आणि पाऊस धाडला आणि २६ जणांना अचानक आपल्या निर्मात्यापुढे हजर व्हावं लागलं. खाणमालकाचं नाव तिथे आहे, पण खाणी कुणाच्या, एवढं सांगण्यापुरतंच. सात वर्षांचं मूल मुळात खाली कसं, हे विचारायला १८४२ चा कायदा यावा लागला. दहा वर्षांखालचे मुलगे आणि सगळ्या मुली-बायका यांना भूमिगत कामाची त्याने बंदी केली.

मराठीत हे कुणी लिहावं, असं मला फार वाटतं. आमच्या शेल्फावर ऐतिहासिक बालसाहित्य म्हणजे गड, तलवारी आणि मावळे. ती पुस्तकं मुलं आवडीने नेतात, तक्रार नाही. पण वर्धा-वरोरा रेल्वे मुळात कोळशासाठी टाकली गेली, हे किती मुलांना ठाऊक आहे? झरियात अख्खी कुटुंबं खाणीत उतरायची. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना खाली कामाला लावण्यावर बंदी आली. डिसेंबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर धनबादच्या खाणी पाहायला गेले होते. तो एक दिवस वर कोळसा निवडणाऱ्या पोराच्या नजरेतून लिहिता येईल.

पुराणासाठीही दूर जायला नको. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गोंडी कथेत तिथल्या गुहेत मुलं कोंडली गेली, तोंडावर मोठा धोंडा लोटला गेला आणि पुढे त्यांची सुटका झाली. कोंडलेल्या मुलांची इतकी जबरदस्त कथा आपल्याच राज्यात आहे. मात्र ती गोंड लेखकाने किंवा निदान त्यांना विचारून लिहावी, पुण्यात बसून उचलू नये.

‘हे सगळं जुनं आहे’ असं म्हणणाऱ्यांनी वाघोलीच्या दगडखाणींकडे एक चक्कर मारावी. तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा काढाव्या लागल्या. झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे मुलं आजही अभ्रकाचा चुरा वेचतात आणि अभ्रकाची ती चमक आपल्या लिपस्टिकमध्ये असते.

आपल्या पुरवणीत मुलांचं पान असतं. त्यात आयोगापुढच्या दोन-चार साक्षींचा मराठी अनुवाद छापावा, ही विनंती. मजकूर पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, परवानगीचा प्रश्न नाही. गुडरच्या साक्षीचं माझं भाषांतर हवं असल्यास मी पाठवीन.

आपली,
एक बालवाचनालय चालवणारी वाचक,
सहकारनगर, पुणे