जीप माझ्या नावावर होती

सोलापूर,
12 फेब्रुवारी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

"विकलीस? मला न विचारता?" एवढंच बोलून तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मध्येच तोडतोस, पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

पहिलं म्हणजे, जीप माझ्या नावावर होती. 1990 साली घेतली तेव्हा अण्णांचा पगार घराच्या हप्त्यात जायचा, म्हणून माझ्या शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं. पुढं जन्मभर ते "माझी जीप" म्हणत हिंडले आणि मीही कधी हटकलं नाही. आता क्लच दाबला की त्यांचा गुडघा दोन दिवस सुजतो. गेल्या पावसाळ्यापासून ती पत्र्याच्या शेडमध्येच होती. रविवारी स्टार्टर मारून दहा मिनिटं चालू ठेवायची, एवढंच.

गिऱ्हाईक कोणी येवो, दारात पहिला प्रश्न "काका आहेत का?" काका आत पेपर तोंडावर धरून रुसलेले. कागद मागितले की आरसी बुक मी काढायची, मग गिऱ्हाइकाला कळायचं कुणाशी बोलायचं ते. एक जण कोकणातल्या जीपा बघून आला होता. टॉर्च घेऊन खाली आडवा झाला, तळपत्रा ठोकत ठोकत म्हणाला, "काकू, गंजच नाही की!" या सोलापूरच्या उन्हाला मी किती शिव्या घातल्या असतील! पण खारी हवा नाही, पाऊस बेताचा, त्यानंच पत्रा राखला. अण्णा दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल मारायचे, त्याचंही श्रेय द्यायला हवं. (माझ्या अंगणातल्या फरशीवरचे डाग अजून आहेत.)

तू ज्याचा नंबर दिला होतास तो पुण्याचा दलालही येऊन गेला. फिरून फिरून "व्हिंटेज, व्हिंटेज" म्हणत होता. 2021 च्या नियमानं व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पुरी झालेली गाडी. त्या हिशेबानं आपली अजून तरणीच. भाव मात्र त्याचा सगळ्यांत वर, तीन लाख ऐंशी हजार. अट एकच: गाडीवरचं नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख मोकळी ठेवा, गिऱ्हाईक मिळालं की भरू. मी चहा दिला आणि वाटेला लावलं. अरे, कोऱ्या चेकवर सही करण्यातलाच हा प्रकार. गाडी कुणाच्याही हातात असो, आरटीओत नाव माझं असेल तर अपघाताची भरपाई माझ्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली हेच सांगितलंय. त्या खटल्यात गाडी पुढं दोन-चार हात फिरली होती, तरी जबाबदार धरलं नोंदीतल्या मालकालाच.

घेतली ती वैरागकडच्या एका पोरानं. गुरांचा डॉक्टर आहे, पावसाळ्यात काळ्या रानातल्या वस्त्यांवर जावं लागतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर त्यानं स्वतः बुकाशी ताडून बघितले. मग होटगी रोडला चक्कर मारायला निघालो. मी शेजारी, अण्णा मागं, मुकाट. पोरानं वळणाच्या तोंडावर फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या छोट्या दांडीला हात घातला आणि अण्णा एवढ्या जोरात ओरडले, "डांबरावर नको!" आठवड्यातला त्यांचा पहिला शब्द. मग गाडी कडेला घेऊन अर्धा तास शिकवणी. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. मातीत चाक थोडं घसरून फरक काढून टाकतं, डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरबॉक्सवर. शेवटी मार्डीच्या रानात, उसाला पाणी दिलेल्या सरीत नेऊन चारही चाकं फिरवून दाखवली. माझं लुगडं चिखलानं भरलं ते कुणी विचारलं नाही.

स्टिअरिंगला प्ले आहे, म्हणजे थोडं ढिलं फिरतं, दुसऱ्या गिअरला कधीकधी खर्रकन वाजतं, हे मीच सांगितलं. तीन लाख दहा हजार, सगळे बँकेतून. गाडी नेताना दोघांच्या सह्यांचा कागद केला, तारखेसकट आणि घड्याळातल्या वेळेसकट. विकल्याची खबर आपण चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते, ती तिसऱ्याच दिवशी दिली. दुसरी किल्ली मात्र बुकावर त्याचं नाव चढेपर्यंत माझ्या डब्यात होती. पोरगं हसलं, पण थांबलं. काल नाव चढलं, आज किल्ली नेली.

तुला विचारलं नाही हे खरं. विचारलं असतं तर तू "राहू दे" म्हणाला असतास आणि पुण्याला निघून गेला असतास.

अण्णा बरे आहेत. काल त्या पोराचा फोन आला होता, ग्रीस कुठं कुठं मारायचं ते विचारायला. पाऊण तास चालला. गाडीचा जॅक आणि टॉमी (लोखंडी दांडी) इथंच कोठीत राहिलीत. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा वैरागला नेऊन दे, अण्णांनाही सोबत घे. शेंगाचटणी कुटून ठेवते.

तुझी,
आई