दिघा गावचे उरलेले काम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकल मार्गावर ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्थानक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी, अटल सेतूच्याच दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हा मार्ग २००४ सालचा. म्हणजे जवळपास वीस वर्षे गाड्या दारावरून जात होत्या आणि आम्ही त्या नुसत्या पाहत होतो.

दिघ्याचे आणि रेल्वेचे नाते मात्र त्याहून फार जुने आहे. इलठणपाड्याच्या वर डोंगरात जे धरण आहे, ते ब्रिटिश काळात रेल्वेनेच बांधले, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. ज्या गावाने इंजिनांची तहान भागवली, त्याला स्थानक मिळायला २०२४ साल उजाडले. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे आजही बोचते.

स्थानक नव्हते तेव्हा गाडी पकडायची तर ठाणे नाहीतर ऐरोली गाठावी लागे. ठाण्याला जायचे म्हणजे शेअर रिक्षा किंवा बस, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबले की तीही अडकायची. माझे वडील इथल्याच एका कारखान्यात होते. त्या तुंबलेल्या पाण्यातून चालत ते पहिल्या पाळीला पोहोचत. आज तिकीटघर घराजवळ आहे, याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण हे स्थानक म्हणजे कळवा-ऐरोली उन्नत मार्ग प्रकल्पाचा पहिला टप्पा. खरी गरज दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे कळव्याहून थेट ऐरोलीकडे जाणाऱ्या मार्गाची आहे. माझी बहीण डोंबिवलीला राहते, नोकरी तुर्भ्याला. तिची लोकल कळव्यानंतर खाडी ओलांडून ठाण्याला येते. तिथे ती पुलावरच्या गर्दीतून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे धावते आणि नव्या गाडीत बसून तीच खाडी पुन्हा ओलांडून इकडे परतते. कळव्याहून ऐरोलीकडे थेट गाडी वळली, तर कल्याण, डोंबिवली, दिव्याच्या हजारो लोकांचा हा हेलपाटा वाचेल. ठाणे स्थानकावरचा भारही हलका होईल. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर तरी या गर्दीचा विचार आकड्यांत नव्हे, माणसांत व्हायला हवा.

काम अडले आहे ते मार्गात येणाऱ्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर. ती माणसेही आमचीच आहेत. त्यांना याच भागात, मुलांच्या शाळेजवळ पक्की घरे द्या, मगच हलवा. घरे कुठे आणि कधी, हे त्यांना लेखी कळवा. आमची घाई आहे, पण त्यांना रस्त्यावर आणून मिळालेला मार्ग आम्हाला नको.

कळावे,
एक नियमित प्रवासी,
दिघा, नवी मुंबई