लॅटिन शेतकरी

संपादक महोदय,

वकिली सोडून शेतीत उतरलेल्या तरुणांवरची आपली पुरवणी वाचली. अशाच एकाचा स्मारकस्तंभ आमच्या सेंट लुईसच्या बेंटन पार्कात उभा आहे: फ्रीडरिश हेकर. जर्मनीतल्या मानहाइमचा नामांकित वकील. 1848 च्या एप्रिलमध्ये कांडर्नला त्याचं राजेशाहीविरुद्धचं बंड फसलं आणि तो अमेरिकेत आला. इलिनॉयमधल्या समरफील्डला शेती केली, द्राक्षवेली लावल्या. अशा लॅटिन वगैरे शिकून शेतीत आलेल्या जर्मनांना लोक ‘लॅटिन शेतकरी’ म्हणत.

पण नांगर धरला म्हणून मतं सोडली नाहीत. पन्नाशीच्या सुमारास अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध लढला, 1863 मध्ये चान्सलर्सव्हिलच्या लढाईत जखमी झाला. बायको योझेफिनाने संसार दोन देशांत मांडला. स्तंभावर नाव मात्र एकट्याचं. पुरवणीत तुम्हीही बायकांना विचारलं नाहीत. विचारा ना!

– एक वाचक, सेंट लुईस