टोकोट्रॉनिकला ‘डेमो टेप’ म्हणणाऱ्यांना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतलं टोकोट्रॉनिक या जर्मन रॉक बँडच्या ‘डिजिटाल इस्ट बेसर’ या पहिल्या अल्बमवरचं परीक्षण वाचलं. तुमचे परीक्षक म्हणतात, गाणारा बेसूर, गिटारचा नुसता गोंगाट, अल्बम कमी आणि डेमो टेप (म्हणजे नमुन्यादाखलचं कच्चं रेकॉर्डिंग) जास्त! तुमच्या परीक्षकांनी १८ च्या १८ गाणी ऐकली का हो, की दुसऱ्यालाच हेडफोन काढून ठेवले? वर म्हणे सिअ‍ॅटलची, म्हणजे तिथल्या निर्वाणासारख्या ग्रंज रॉक बँड्सची नक्कल. अहो, याच अल्बममध्ये ‘आपण इथे सिअ‍ॅटलमध्ये नाही आहोत, डिर्क’ अशा नावाचं गाणं आहे आणि डिर्क म्हणजे खुद्द गायक. हॅम्बुर्गच्या त्या पोरांनी १९९५ मध्येच स्वतःचीच खेचलीय, तुम्हाला शोध आत्ता लागला.

मला एवढं झोंबायचं कारण म्हणजे कॉलेजात आमचाही बँड होता. तासावर पैसे मोजून एक स्टुडिओ घेतला आणि तिथल्या रेकॉर्डिस्टने ‘जरा क्लीन करतो’ म्हणत ड्रम क्लिकवर (यंत्राच्या ठोक्यावर) बसवले, गाणाऱ्याला पिच करेक्शन (सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) लावलं, ड्रमरचा सुरुवातीचा ‘एक दोन तीन चार’ उडवला, तारेवर बोट घासल्याचा आवाजसुद्धा पुसून टाकला. फायनल ऐकलं तर चक्क कॉलर ट्यून! ड्रमर ‘हे मी वाजवलंच नाही’ म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

त्यानंतर कोणीतरी पेनड्राइव्हवर हा अल्बम दिला. पहिलंच गाणं ‘फ्रायबुर्ग’. गावातल्या सायकलवाल्यांवर उगाचच कावलेला एक मुलगा, माझं जर्मन कामचलाऊ पण त्याची चिडचिड तिथल्या तिथे कळली, कारण ती कोणी इस्त्री करून ठेवली नव्हती. गिटार, बास, ड्रम, तिघंच. हे जमत नाही म्हणून नाही, असंच हवं होतं म्हणून आहे. १९९६ मध्ये व्हिवा या जर्मन म्युझिक चॅनेलने यांना ‘तरुण, जर्मन आणि प्रगतिपथावर’ असलं काहीतरी अ‍ॅवॉर्ड दिलं तर स्टेजवर जाऊन नको म्हणाले. असो, तेवढं वाचायला तुमच्या परीक्षकांना वेळ कुठला.

आणि हो, परीक्षणासोबत छापलेल्या बँडच्या फोटोत चार जण दिसतायत, या अल्बमच्या वेळी तिघंच होते. चौथा रिक मॅकफेल, तो बँडमध्ये आला २००४ मध्ये. त्याच पानावरचं शब्दकोडं पण अर्धं जाहिरातीखाली गेलंय, आमची आई सकाळपासून मला बोलतेय, जणू काही पुरवणी मीच छापतो.

आपला (अजून तरी) नियमित वाचक,
पुणे