लसीकरणाच्या दिवशी आईलाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातला आहार, व्यायाम, स्तनपान यांवर नियमित मजकूर येतो. त्यात आईच्या मनःस्थितीलाही जागा मिळावी म्हणून हे पत्र. मी लसीकरण कक्षात परिचारिका आहे. त्याआधी बरीच वर्षे प्रसूती विभागात होते, काही काळ वंध्यत्व उपचारांच्या ओपीडीतही.

सहा आठवड्यांच्या लसीसाठी एक आई आली होती. बाळ गुटगुटीत, वजन छान वाढलेले. दूध नीट पितो का, असे विचारताच तिने पिशवीतून वही काढली. दूध कधी पाजले, कोणत्या बाजूला, किती वेळ, शी-शू, सगळे टिपलेले. सोबतचे लोक कौतुकाने म्हणाले, "फार व्यवस्थित आहे ती." मी पाने उलटली. रात्रीच्या नोंदींना कुठे खंडच नव्हता. बाळ दोन-अडीच तास झोपलेले, आणि तेवढ्या वेळात दर दहा-पंधरा मिनिटांनी वेळ घालून लिहिलेले, 'श्वास चालू'. मी सोबतच्यांना बाहेर बसायला सांगितले आणि विचारले, "ताई, बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?" तिने नुसती मान हलवली आणि तिचा बांध फुटला.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक जणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी, धास्ती, अपराधीपणा टिकून राहिला, किंवा बाळ शांत झोपलेले असताना आईचा डोळा लागेनासा झाला, तर "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 10 टक्के गरोदर स्त्रियांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य सर्वाधिक. म्हणजे लसीकरणाच्या रांगेत अशा आया रोजच उभ्या असतात.

त्यांना ओळखायला यंत्र लागत नाही. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्हस्की यांनी 1987 मध्ये तयार केलेली एडिंबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे. मागच्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण भीती वाटली का, मन इतके खिन्न होते का की झोपही लागेना, असे साधे प्रश्न. एकूण गुण 30. त्यावरून निदान होत नाही, पण कोणाला तज्ज्ञांकडे पाठवायचे ते कळते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर 'कधीच नाही' याखेरीज काहीही असले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्या बाईशी त्याच दिवशी बोलायला हवे. असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून हायसे वाटलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

काही जणींच्या मनात बाळाला काहीतरी होईल, आपल्याच हातून होईल, अशी चित्रे जबरदस्तीने येतात. त्या स्वतःच त्याने हादरलेल्या असतात, आणि बाळ काढून घेतील या धास्तीने बोलत नाहीत. हा त्रास उपचारांनी आटोक्यात येतो. मात्र प्रसूतीनंतर अचानक झोप उडाली, बोलण्यात ताळमेळ राहिला नाही, भास होऊ लागले, विनाकारण संशय येऊ लागला, तर ती तातडीची वेळ असते. हे हजारात एक-दोघींनाच होते, पण तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे आणि आईला बाळासोबत एकटे ठेवू नये.

आता थोडे आधीचे. वंध्यत्वाच्या उपचारांत फाइलमध्ये हार्मोनचे रिपोर्ट असतात, बीजांडाची पिशवी (फॉलिकल) किती मिलिमीटर वाढली तेही असते. रिपोर्ट निगेटिव्ह आल्याचे फोनवर कळते आणि त्याच फोनमध्ये पुढच्या सायकलची तारीख विचारली जाते. मधल्या रडण्याची नोंद करायला त्या फाइलमध्ये रकानाच नाही. गर्भपात झालेल्या बाईची पुढची गर्भधारणा प्रत्येक सोनोग्राफीपर्यंत जीव मुठीत धरून चाललेली असते. समुपदेशन सुरू व्हायला हवे ते इथून.

ज्या आधीपासून मनाच्या आजारावर औषधे घेत आहेत, त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच ती परस्पर बंद करू नयेत. आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. शक्यतो गर्भधारणेच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक असल्याने वेळीच बदलावे लागते. सर्ट्रालिनसारखी काही औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने स्तनपान चालू ठेवूनही घेता येतात.

एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून, असे विचारले जाते. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या 903 गरोदर स्त्रियांवर अभ्यास केला, तो 2008 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्याच आरोग्य सेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्या नेहमीच्या गृहभेटींत संवादाचे उपचार दिले गेले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्या गटातल्या 23 टक्के आयांना नैराश्य होते, दुसऱ्या गटात 53 टक्के. हे काम आमच्यासारख्या लोकांना शिकवता येते. मात्र एक अट मी धरून बसेन. जिथे पुढे पाठवायला डॉक्टर, समुपदेशक, निदान एक ठरलेला फोन नंबर नाही, तिथे नुसते फॉर्म भरून घेऊ नयेत. "हो, मला त्रास होतो" असे एखादीने सांगावे आणि आपण कागद फाइलला लावून पुढचा नंबर पुकारावा, हे तिच्यावर अन्यायाचे आहे.

वहीवाल्या ताईंना आमच्याकडूनच पुढे पाठवता आले. पुढच्या लसीला त्या आल्या तेव्हा रात्रीची एक पाळी बाळाच्या वडिलांनी घेतलेली होती. वडिलांनाही नैराश्य येते, त्यांनाही विचारावे.

आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत ही दहा प्रश्नांची यादी मराठीत छापावी. मूळ लेखकांची नावे, शीर्षक आणि मूळ प्रकाशनाचा उल्लेख करून ती छापण्याची मुभा त्यांनी दिलेली आहे. सोबत गुण कसे मोजायचे आणि किती गुणांना कोणाला भेटायचे, हेही द्यावे. म्हणजे कात्रण आमच्या कक्षात वजनकाट्याशेजारी लावता येईल.

आपली,
एक परिचारिका, लसीकरण कक्ष