डिकोडर बसवून देणारा माणूस तुमच्याच गल्लीत आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, १९९८ पासूनचं, ते बघून त्यांना हौस लागली, परदेशातून एन स्केलची, म्हणजे अगदी छोट्या मापाची, दोन जुनी मॉडेल इंजिनं मागवली, मग ती चालवायला डिजिटल कंट्रोलर घेतला, आणि आता त्या इंजिनात डिकोडर बसवून देणारं इथे कोणी नाही म्हणून सगळं कपाटात पडून आहे, हा छंद आपल्याकडे होण्यासारखाच नाही असं त्यांचं म्हणणं. पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच बोलत होतो आणि मी तर तीस वर्षं कल्याणला टीव्ही-व्हीसीआर रिपेरिंगचं दुकान चालवलेला माणूस. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर सुरुवातीचं कापा, मीटरचं मात्र कापू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जुन्या पद्धतीत रुळावर शून्य ते बारा व्होल्ट डीसी सोडायचा, नॉब फिरवला की गाडी पळते, प्लस-मायनस उलटं केलं की मागे येते. यात अडचण अशी की त्या रुळावर जेवढी इंजिनं उभी असतील तेवढी सगळी एकदम पळतात. आम्ही कल्याणकर लहानपणापासून कर्जतला बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलायची जादा इंजिनं, लागताना बघत आलोय, पुढे गाडीचं इंजिन आणि मागून दोन-तीन इंजिनांनी ढकलत एकास सदतीसचा चढ चढवायचा आणि वर लोणावळ्याला बँकर सोडून द्यायचे. हे जुन्या पद्धतीने घरातल्या टेबलावर करायचं म्हणजे रूळ तुकड्या-तुकड्यांत तोडा, प्रत्येक तुकड्याला स्विच लावा, आणि टेबलाखाली वायरींची खिचडी करा, मग कुठे मागचं इंजिन सुटं होऊन एकटं परत येणार.

डिकोडर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसवायची एक छोटी पट्टी, प्रत्येक इंजिनाला आपला नंबर. रुळावर कायम चौदा-पंधरा व्होल्ट असतात आणि त्यांचं प्लस-मायनस सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतं. हुकूम त्या उलटण्याच्या वेळेतच लपवलेला. ५८ मायक्रोसेकंदांत उलटलं तर तो एक, १०० किंवा जास्त लागले तर शून्य. डिकोडर हे ऐकत बसतो, आपला नंबर आला की हुकूम घेतो आणि मोटर फिरवतो, दुसऱ्याचा नंबर असेल तर ढुंकून बघत नाही. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने हे तयार केलं आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने, एनएमआरएने, त्याचं स्टँडर्ड केलं, त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो. ज्याने आयुष्यभर प्रत्येक कंपनीच्या टीव्हीसाठी वेगळा रिमोट शोधलाय त्याला विचारा या गोष्टीची किंमत.

आता साइझ. एन स्केल म्हणजे खऱ्याच्या एकास एकशेसाठ, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. खरं इंजिन वीस मीटरचं धरलं तर हे सव्वाशे मिलिमीटर, टीव्हीच्या रिमोटपेक्षा आखूड, आणि शंटिंगचं छोटं इंजिन असेल तर जेमतेम आगपेटीएवढं. त्यात मोटर, गिअर, आणि वजनासाठी ओतीव धातूचे ठोकळे आधीच गच्च भरलेले. पट्टी ठेवायची कुठे?

नवीन इंजिनं असतील तर हा प्रश्नच नाही, आत सॉकेट येतं, एन मध्ये बहुतेक सहा पिनचं किंवा नेक्स्ट१८, एचओ नावाच्या मोठ्या मापात आठ किंवा एकवीस पिनचं. वरचं टोपण काढा, सॉकेटमधली डमी प्लेट उपसा, एक नंबरची पिन बघून डिकोडर दाबा, संपलं. दहा मिनिटांचं काम. पण त्या गृहस्थांची इंजिनं जुनी आहेत, माझं पण जुनंच, मुलगी जर्मनीत असते तिने तिथल्या जुन्या बाजारातून आणलेलं, आणि खरी गंमत जुन्यांतच आहे.

जुन्या एन इंजिनाची चासी म्हणजे धातूचे दोन अर्धे भाग, मधे प्लास्टिकच्या चकत्या. डावा भाग डाव्या रुळाला जोडलेला, उजवा उजव्याला, आणि मोटरच्या ब्रशची (मोटरला करंट पोचवणारे दोन तुकडे) एकेक पत्ती थेट त्या धातूला टेकलेली. एकही वायर नाही! ज्याने कोणी डिझाइन केलं त्याला सलाम, पण डिकोडरसाठी हे विष आहे. कारण नियम एकच आहे, रुळाचा करंट मोटरपर्यंत फक्त डिकोडरमधून गेला पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही वाटेने नाही. म्हणून ब्रशच्या दोन्ही पत्त्या धातूपासून तोडायच्या, मग मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, म्हणजे कुठे जोड असला की तो वाजतो, एक टोक डाव्या चाकाला एक टोक पहिल्या ब्रशला, मग दुसऱ्या ब्रशला, मग उजव्या चाकाला तसंच. चार वेळा. चारही वेळा मीटर मुका राहिला पाहिजे.

मी तीन वेळा बघितलं. चौथ्या वेळी बायकोने चहाला हाक मारली आणि मी म्हटलं आता काय राहिलंय, झालंच की. ब्रशच्या स्प्रिंगचं केसाएवढं टोक चासीला टेकत होतं. इंजिन रुळावर ठेवलं, दिवा लागला, मी खूश, नॉब फिरवला आणि चुर्र आवाज येऊन तो वास. इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनमधल्या कुठल्याही माणसाला तो वास ओळखू येतो. तीन हजाराच्या आसपासचा डिकोडर दोन सेकंदांत गेला. बायको म्हणाली, दुकान बंद केलं पण वास काही घरातून जात नाही.

बरं, प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवायची पण अक्कल मला झाली नाही. बहुतेक कंट्रोलरला दोन जादा टर्मिनल असतात, तिथे रुळाचा एक सुटा तुकडा जोडायचा, त्यावर करंट मुद्दाम कमी सोडलेला असतो, म्हणजे वायरिंग चुकलं तरी बहुतेक वेळा डिकोडर वाचतो. नवीन डिकोडरचा नंबर ३ असतो. तिथे ठेवून नंबर विचारायचा, तीन आला तर जोडणी बरोबर. डिकोडरला तोंड नाही, तो 'हो' कसं म्हणतो माहितीये? मोटरला क्षणभर झटका देतो, त्याने करंट वाढतो, कंट्रोलरला कळतं. बघताना इंजिनाला उचकी लागल्यासारखं वाटतं. मला ती उचकी अजून आवडते.

दुसऱ्या डिकोडरच्या वेळी मी शहाणा झालो होतो. आधी इंजिन साध्या डीसीवर तासभर पळवलं, चाकं पुसली, गिअरला टाचणीच्या टोकाने तेल दिलं, कारण डीसीवर अडखळणारं इंजिन डिकोडर घालून सुधारत नाही, उलट जास्त रुसतं. मग बारा व्होल्ट देऊन चाक बोटाने धरून ठेवलं आणि अँपिअर बघितले, अर्ध्या अँपिअरच्या आत आले, म्हणजे त्या मापाचा छोटा डिकोडर झेपेल. चासीचा वरचा कोपरा कानशीने घासून दोन मिलिमीटर जागा केली (कीस मोटरमध्ये शिरतो म्हणून मोटर आधी बाहेर काढायची, हे मला नंतर कळलं). आतून सगळीकडे तो पिवळा, उष्णता सोसणारा कॅप्टॉन टेप. काळी पीव्हीसी टेप नको, गरम झाली की डिंक सुटतो आणि गिअरमध्ये जातो.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा दिवा, निळी दोन्ही दिव्यांना कॉमन. इथे माझ्यासारख्या जुन्या मेकॅनिकचीच जास्त फसगत होते, कारण आमच्या हाताला काळी म्हणजे अर्थिंग आणि कॉमन म्हणजे पण अर्थिंग अशी सवय. इथे काळी चक्क एका रुळाची आणि निळी कॉमन असून प्लस. निळी चासीला लागली की परत तोच वास. दिव्याला एलईडी लावणार असाल तर एक किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटरच्या दोन टोकांमध्ये एक चिमुकला कपॅसिटर होता. तो कशासाठी, तर मोटरच्या ठिणग्यांनी शेजारच्या टीव्हीवर रेघा येऊ नयेत म्हणून! डिकोडरला तो त्रास देतो म्हणून काढून टाकायचा असतो. जन्मभर टीव्हीवरच्या रेघा घालवल्या त्या माणसाने टीव्हीसाठी बसवलेला पार्ट स्वतःच्या हाताने उपटून फेकला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. "इथे कोणी बसवून देत नाही." अहो साहेब, हे सगळं मी एकट्याने केलेलं नाही. माझ्या चष्म्याच्या नंबराला ती केसाएवढी वायर दिसतच नाही. आमच्या बिल्डिंगखाली मोबाईल रिपेरिंगवाला मुलगा आहे, चोवीस-पंचवीसचा असेल. त्याच्याकडे मायक्रोस्कोप, हॉट एअर, सुईसारख्या टिपची सोल्डरिंग गन, सगळं. फोनच्या बोर्डवर तो बारीक वायरचे जे जंपर मारतो ते बघितलं तर डिकोडरचे पॅड, म्हणजे वायर डकवायचे ठिपके, त्याला क्रिकेटचं मैदान वाटावं. त्याला एका कागदावर सात रंग लिहून दिले, त्याने चहा निवेपर्यंत काम करून दिलं आणि विचारलं, काका एवढंच? गिअरचा एक दात अडकत होता तो स्टेशनजवळच्या घड्याळजीने बघून दिला, त्याच्याकडे आता फक्त सेल बदलायला लोक येतात, तो एवढा खूश झाला की पैसे घेईना. डिकोडर बसवणं हा वेगळा धंदा नाहीच, हे तीन-चार जुन्या-नव्या धंद्यांचं मिळून काम आहे आणि ते सगळे आपल्या गल्लीत बसलेत. आपण त्यांना विचारतच नाही, कारण दाढी खाजवत खेळण्यातलं इंजिन काउंटरवर ठेवायची लाज वाटते.

फक्त एवढं आहे की मोबाईलवाल्याला मोटर सुटी करायचा नियम माहीत नसतो, तो नुसती वायरिंग करून देईल, मीटर घेऊन आपण उभं राहायचं. आणि सगळ्याच इंजिनांना हात लावू नये. झेड स्केल, एकास दोनशेवीस, तिथे मी जात नाही. आणि एखादं पन्नास वर्षांपूर्वीचं डबीसकट जपलेलं असेल तर त्याची चासी घासणं हे पाप आहे, ते डीसीवरच पळू दे. किंवा डिकोडर बसवलेलं इंजिन दोन्हीवर चालेल असं ठेवा, बहुतेक डिकोडरमध्ये सीव्ही २९ नावाची एक सेटिंग असते तिच्यात ते करता येतं. आपल्याकडे इगतपुरीला पूर्वी वायर बदलायची, मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी आणि पलीकडे २५ हजार एसी, आणि डब्ल्यूकॅम इंजिनं दोन्हीखाली पळायची. त्यातलाच प्रकार समजा.

त्या गृहस्थांचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के खरं, छंद महाग आहे. परदेशी खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये वीस टक्क्यांवरून साठ झाली आणि २०२३ ला सत्तर, आणि मॉडेल इंजिनं त्याच खेळण्यांच्या खात्यात मोजली जातात. इथल्या खेळणीवाल्यांसाठी ते केलं असेल, ठीक आहे, पण एन स्केलचं इंजिन काही आपल्याकडच्या लाकडी गाडीच्या पोटावर पाय देत नाही. म्हणूनच म्हणतो, नवीन सॉकेटवाली इंजिनं मागवत बसण्यापेक्षा कपाटातली जुनी दोन उघडा.

तुम्ही मे महिन्यात सुट्टीतल्या शिबिरांच्या भल्यामोठ्या याद्या छापता, सुलेखन, ट्रेकिंग, वैदिक गणित. सोल्डरिंग शिकवणारं एक पण शिबिर मला त्यात दिसलेलं नाही. आमच्या खालच्या मुलासारखा एखादा आणि माझ्यासारखा एखादा रिकामटेकडा मिळून ते घेऊ शकतील, कोणी जागा दिली तर.

त्या गृहस्थांचा पत्ता तुमच्याकडे असेलच, त्यांना माझा निरोप द्या. दोन्ही इंजिनं घेऊन एखाद्या रविवारी कल्याणला या म्हणावं, मजुरी नाही, डिकोडर मात्र तुमचा तुम्ही आणा, आणि एक जादा आणा. चहा आम्ही देऊ, पण मीटरची चौथी वेळ झाल्यावर.

आपला,
एक जुना टीव्ही मेकॅनिक, कल्याण