आरोग्यमंत्री महोदय, ॲपच्या आधी माणूस नेमा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर संगणकाच्या मदतीने उपचार व्हावेत, असं कोल्हापुरात मानसोपचाराचं काम करणाऱ्या आम्हालाही वाटतं. हरकत आहे ती ॲप काढून, त्याचा क्यूआर कोड शाळेच्या फलकावर चिकटवून मोकळं होण्याला.

न्यूझीलंडच्या ‘स्पार्क्स’चं उदाहरण बोलकं आहे. खेळाच्या रूपातला, सात भागांचा, विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीवर (सीबीटी) बेतलेला हा कार्यक्रम. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 ते 19 वयाची 187 मुलं होती आणि तो नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी पडला नाही. पण ही मुलं मदत मागायला आलेली होती. पुढे तोच कार्यक्रम देशभर मोफत खुला केल्यावर बहुतेकांनी अर्ध्यात सोडला. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ संस्थेने शाळांमध्ये ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा मोबाइलवरचा खेळ वापरून पाहिला, तोही समुपदेशकाच्या सोबतीनेच.

गळती का लागते? सुरुवातीचे भाग सोपे असतात: माहिती वाचायची, रोजचा मूड 0 ते 10 मध्ये नोंदवायचा. मग गृहपाठ येतो. ज्या मुलाला अंथरुणातून उठवत नाही, त्याला पडदा सांगतो, ‘तुला आवडणारी एक गोष्ट ठरवून कर.’ इथे आठवड्याला 15 ते 20 मिनिटं कुणीतरी समोर बसावं लागतं. ‘फुटबॉल खेळेन’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाबरोबर, आणि त्या दिवशी पाऊस असला तर काय, हे ठरलं तरच ते घडतं. विचारांच्या नोंदीचंही तसंच. मित्राने मेसेज बघून उत्तर दिलं नाही, यातून ‘मी कुणालाच नको आहे’ हा निष्कर्ष कुठून आला, हे मूल एकट्याने क्वचितच पकडतं.

कार्यक्रमाचं आणि प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनाही एक सांगा. आपल्याकडचा पोरगा ‘मला उदास वाटते’ म्हणत नाही. ‘कशात मन लागंना’, ‘डोकं जड झालंय’, नाहीतर नुसतंच ‘पोटात दुखतंय’ म्हणतो. प्रश्नावली पुस्तकी मराठीत असली की तो सगळीकडे शून्यावर खूण करून उठतो.

किशोरांसाठीच्या पीएचक्यू-9 मध्ये, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत, गुण 5 ते 9 आले तर दोन आठवडे थांबून पुन्हा भरून घ्यावी आणि तेवढेच राहिले तर संगणकावर बसवावं. 10 ते 14 असतील तर आधी मानसशास्त्रज्ञाने तपासावं. 15 किंवा त्याहून जास्त असतील, किंवा नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर गुणांची बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी समोरासमोर तपासणी व्हावी. गरज पडेल तसं कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावं, तोवर मुलाला एकटं सोडू नये. म्हणूनच ही प्रश्नावली रात्री अकराला घरच्या मोबाइलवर नको. उत्तर बघायला माणूस हजर असेल अशाच वेळी भरून घ्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक पडद्यावर असावा, पण तो जोडीला.

जागेचं थोडक्यात. शाळेच्या लॅबमध्ये मागून जाणाऱ्याला सगळं दिसतं. मुलाची पाठ भिंतीला लागेल असा एक संगणक आणि हेडफोन, इतकंच लागतं. ग्रामीण रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक त्यासाठी बरी. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडला रेंजचा भरवसा नाही, तेव्हा कार्यक्रम इंटरनेटशिवाय चालला पाहिजे आणि नोंदी नावाऐवजी क्रमांकाने राहिल्या पाहिजेत. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागतेच. ती शाळेच्या फॉर्मच्या गठ्ठ्यात सही करून न घेता पालकांना बोलावून, समजावून घ्यावी.

आमची मागणी एवढीच: शासन निर्णयात सॉफ्टवेअरच्या खर्चाशेजारी समुपदेशकाच्या तासांचं मानधन स्वतंत्र ओळीत दाखवा. सुरुवात एक-दोन तालुक्यांत, जूनमध्ये शाळा भरल्यावर करा. फेब्रुवारीत नको, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असताना सात भागांसाठी सात आठवडे कुणीच येणार नाही.

आपले,
कोल्हापुरातील मानसोपचार व समुपदेशन क्षेत्रातील कार्यकर्ते